उंच जीपची पायरी

जीपची उंची वाढवली, की दोन अडचणी पुढे येतात. आत चढताना वडीलधाऱ्यांचे गुडघे कुरकुरतात. आणि खडकाळ वाटेवर दाराखालच्या पत्र्याच्या कडेला मार बसण्याची धास्ती काही संपत नाही. दोहोंवर एकच उपाय म्हणून लोखंडी नळ्या बसवल्या जातात. वस्तुतः पायरी आणि रक्षक-नळी ही दोन निराळी साधने होत.

पायरीला माणसाचा भार पेलायचा असतो. ‘रॉक स्लायडर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रक्षक-नळीला मात्र प्रसंगी गाडीचाच भार सोसावा लागतो. म्हणून तिचा आधार चेसिसवरच हवा. ती नुसत्या पत्र्याला जखडली, तर जिचे रक्षण करायचे तीच कड आधी चेपते.

दुसरा हिशेब उंचीचा. गाडी 50 मिलिमीटर उचलली आणि कडेपासून 100 मिलिमीटर खाली लोंबणारी पायरी बसवली, तर बाजूची मोकळीक मूळच्यापेक्षा 50 मिलिमीटरने घटते. कमावलेली उंची पायाखालीच जाते! यास्तव डोंगरवाटेसाठी कडेला बिलगलेली, बाहेरच्या अंगाला किंचित वर कललेली नळी बरी. वडीलधाऱ्यांसाठी दुमडून घेता येणारी पायरी. चिखलाच्या बुटांखाली दोहोंचाही पृष्ठभाग खरखरीत असावा.

मात्र मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. तेव्हा आधी कायदा पाहावा, मग वाट, आणि शेवटी पायरी.