पंचांग पाहून पाण्यात

मालवणला स्नॉर्केलिंगला जायचं तर हॉटेलच्या आधी तिथी बघावी. दिवाळीची सुट्टी लागली की गाड्या सुटतात आणि बरेचजण नेमके अमावास्येच्या आसपास, म्हणजे ऐन उधाणात पोचतात. पाणी वेगाने चढतं, वेगाने उतरतं आणि तळाचा गाळ घुसळून काढतं. त्यात पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गदूळपणा पुरता निवळलेला नसतो. मास्क लावून दिसतं काय, तर हिरवट धुकं. मग मंडळी घरी जाऊन सांगतात, मालवणात काही नाही हो!

कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अमावास्या पंधरावी, म्हणून सव्वाअकरा; अष्टमीला सहा. अष्टमीनंतर एकदोन दिवसांत भांग येतो, पाण्याचा चढउतार कमी होतो, ओढ मंदावते. एकादशीला हिशेब येतो सव्वाआठ. सकाळची भरती, भांग अजून सरलेला नाही, वारं उठायला अवकाश आणि खुल्या समुद्राचं नितळ पाणी सिंधुदुर्ग किल्ल्यापर्यंत आलेलं. याहून चांगला मुहूर्त मिळणं कठीण. एकादशीला मासे खायचे नसतात. बघायला कुणाची ना आहे? त्यातही डिसेंबर-जानेवारीतली एकादशी साधली तर उत्तम.

सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभा राहिला. तो आणि भोवतीचे खडक बाहेरच्या लाटा अंगावर घेतात. त्यांच्या आडोशाला, उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. १९८७ साली इथलं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे, आणि तो नुसता हट्ट म्हणून उडवून लावता येत नाही. त्यांची चूल त्याच पाण्यावर पेटते.

अंदमानसारखे रंगांचे बगीचे इथे शोधू नयेत. पोरायटिस जातीचे तपकिरी-पिवळट घुमट दिसतील. हा प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे गुडघ्याएवढ्या घुमटाचं वय आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरात जातं. दम लागला म्हणून त्यावर पाय टेकणारे रोज भेटतात. वन्यजीव कायद्याने त्याला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे, हे बोटीत बसण्याआधी सांगायला हवं. काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मेजर मासे पावाच्या तुकड्यांवर गर्दी करतात, म्हणून काही बोटवाले पाव टाकतात. फोटो छान येतो. पण खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवणाऱ्या माशांना पावाची चटक लावणं मला मुळीच पटत नाही.

पाण्यात सगळं साधारण एकतृतीयांशाने मोठं आणि आहे त्याहून जवळ दिसतं. हात पुढे करण्याआधी हे आठवावं. नळीतून श्वास सावकाश, खोल घ्यावा. उथळ, भराभर श्वासाने नळीतलीच वापरलेली हवा परत आत येते आणि मग जीव घाबरतो. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट अंगावर असू द्यावं.

नुसतं पोहायचं असेल तर चिवला किनारा बरा. तिथे खडकांमुळे लाटा मोडतात, डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धाही भरते. खडकांवर मात्र अनवाणी चढू नये. कालवांच्या कडा पात्यासारख्या कापतात. आणि देवबागला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरूच नये. वरून संथ दिसणारं ते पाणी माणसाला थेट बाहेर ओढून नेतं.