‘शेवाळ’ या शब्दाची व्याप्ती आणि हिरव्या पाण्याचा प्रश्न

एकच नाव अनेक वस्तूंना लावले गेले म्हणजे व्यवहारात कोणता घोटाळा होतो, हे पाहण्यास ‘शेवाळ’ हा शब्द सोयीचा आहे. संस्कृत ‘शैवाला’शी संबद्ध असलेला हा शब्द मराठी बोलीत पाण्यातील जवळजवळ प्रत्येक हिरव्या वाढीला लावला जातो. शास्त्रीय परिभाषेने शैवले, शेवाळी व हरिता असे भेद केले. परंतु ते बोलण्यात रुळले नाहीत. परसातील लहान तळ्याचे पाणी निवळावयाचे असेल, तर मात्र भेद जाणल्यावाचून गत्यंतर नाही.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील इंझोरीसारख्या गावी पक्षी, बेडूक व चतुर यांच्यासाठी असे तळे केले, तर उन्हाळ्यात ते हिरवे होण्याचा पुष्कळ संभव असतो. तापमान 40 अंशांवर जाते, ऊन प्रखर असते आणि वाहून आलेली माती, पालापाचोळा किंवा शेतातील खत यांबरोबर नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात.

अशा तळ्यात ‘शेवाळ’ या एकाच नावाखाली तीन भिन्न वस्तू नांदत असतात. पहिली, पाण्यात तरंगणारी एकपेशीय शैवले. ती काडीला लागत नाहीत. पेल्यात पाणी घेतले असता ते सारखेच हिरवे दिसते. दुसरी, तंतुमय शैवले. ही काडीभोवती गुंडाळून बाहेर काढता येतात. तिसरी, हायड्रिलासारख्या पाण्यात बुडून वाढणाऱ्या सपुष्प वनस्पती. या तिसऱ्या वर्गाचा स्वभाव पहिल्याच्या विरुद्ध आहे, कारण त्या तेच नत्र व स्फुरद शोषून तरंगत्या शैवलांना उपाशी ठेवतात. ‘शेवाळ काढा’ या आज्ञेनुसार सर्वच उपटून टाकले, तर रोगाबरोबर औषधही जाते आणि पाणी अधिकच हिरवे होते.

पाणी निवळण्याचा जुना उपाय निवळीच्या बियांचा. माठाच्या आत बी उगाळले असता गढूळपणाचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात. मनुस्मृतीच्या 6व्या अध्यायात या फळाचा दृष्टान्त आला आहे : ते पाणी स्वच्छ करणारे असले, तरी केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही. तळ्याच्या बाबतीत तर खुद्द बीही पुरेसे नाही. कण खाली बसले तरी नत्र-स्फुरद तळ्यातच राहतात व नवी वाढ पोसतात. मोरचूद शैवले मारतो, परंतु गोगलगाईंसारख्या जीवांनाही घातक ठरतो. शिवाय मेलेली शैवले कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. सर्व पाणी बदलणे हेही व्यर्थ, कारण विहिरीच्या वा बोअरच्या नव्या पाण्यात बहुधा नत्र असतेच.

म्हणून उपाय पोषणाच्या मुळाशी करावा लागतो. तळ्याचा सुमारे अर्धा पृष्ठभाग कुमुदाच्या पानांनी झाकावा. बुडीत वनस्पती राखाव्यात. त्या फार माजल्यास थोड्याच काढून काठावर एक दिवस ठेवाव्यात, म्हणजे त्यांत अडकलेले जीव पाण्यात परततात. गाळ व पाला वेळोवेळी उपसावा. भर घालताना पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. मासे सोडू नयेत. एकपेशीय शैवले खाणाऱ्या डॅफ्नियासारख्या सूक्ष्म जीवांना ते फस्त करतात. डासांच्या अळ्यांचा समाचार चतुरांची पिल्ले घेतात. हे सर्व होण्यास काही आठवडे, क्वचित एखादा हंगामही लागतो.

अपवाद एक. पाण्यावर रंग सांडल्यासारखा निळसर-हिरवा थर दिसल्यास ती नील-हरित शैवले असू शकतात. त्यांतील काही विषारी असल्याने गुरांना व मुलांना तेथून दूर ठेवावे. तथापि याच वर्गातील जीवांमुळे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला त्याचा परिचित हिरवा रंग लाभला आहे. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा लवणप्रिय सूक्ष्मजीव त्याला कारण ठरले. लोणारचा हिरवा रंग हा विकार नव्हे. ती त्या क्षारयुक्त पाण्याची प्रकृतीच होय. पाणी हिरवे आहे, एवढ्या विधानाने काहीच निश्चित होत नाही. ते कशाने हिरवे आहे, हे ओळखल्यावरच उपायाची भाषा सार्थ ठरते.