फॅमिली डॉक्टर घडतो कुठे?

‘मुलगा एम.बी.बी.एस. झाला, आता कशातला स्पेशालिस्ट करावा?’ असे पालक मला नेहमी विचारतात. ‘फॅमिली मेडिसिन करू द्या’ म्हटले की बहुतेकांचा चेहरा उतरतो. म्हणजे पुन्हा साधा डॉक्टरच ना! सर्दी-खोकल्याची गोळी लिहायला आणखी शिकायचे कशाला?

वास्तविक फॅमिली मेडिसिनचा डी.एन.बी. हा एम.बी.बी.एस.नंतरचा ३ वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मेडिसिन, बालरोग, स्त्रीरोग, शस्त्रक्रिया अशा निरनिराळ्या विभागांत त्यासाठी काम करावे लागते. पण या विषयाचे मर्म वॉर्डात सापडत नाही. मोठ्या रुग्णालयात रुग्ण बहुधा चार तपासण्या होऊन येतो. वस्तीतल्या दवाखान्यात मात्र ‘अंग मोडून आलंय’, ‘कसंतरीच होतंय’ एवढ्यावरून सुरुवात. बहुतेक ताप आपोआप उतरणारे. त्यातला डेंग्यूचा कोणता, क्षयाचा कोणता? कोणाला घरी पाठवायचे, कोणाला दोन दिवसांनी बोलवायचे आणि कोणाला लगेच गाडी करून जिल्ह्याला धाडायचे, हे तिथे बसूनच समजते.

आमच्या वेळी याची ओळख इंटर्नशिपमधल्या ग्रामीण नेमणुकीत होई. (आजही इंटर्नशिपचे १२ आठवडे सामाजिक वैद्यकशास्त्रासाठी असतात, पण पुष्कळ मुलांचे निम्मे लक्ष पुढच्या प्रवेशपरीक्षेत. त्यांना तरी काय बोलणार!)

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साठीचे एक शेतकरी येत. रक्तदाबाची गोळी नेमाने घेत, तरी दाब १८० च्या खाली येईना. आमचे वैद्यकीय अधिकारी म्हणाले, “गोळी बदलण्याआधी घर बघून या.” नर्सबाईंबरोबर गेलो. बाईंनी इकडचे तिकडचे विचारले आणि फळीवरचा डबा खाली काढायला लावला. डब्यात गुडघेदुखीच्या गोळ्या! किराणा दुकानातून आणलेल्या, रोज दोन, वर्षभर चाललेल्या. “हे सांगितलं का नाही, काका?” “ते काय औषध आहे व्हय? दुखण्याची गोळी ती.” अशा बऱ्याच वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडांवरही परिणाम होतो. त्या बंद केल्या, शेक आणि मांडीचे व्यायाम सांगितले, जेवणातले लोणचे-पापड कमी केले. काही आठवड्यांत त्याच जुन्या गोळीवर दाब आटोक्यात आला. वॉर्डात हा डबा कोणाला दिसला असता?

म्हणून दवाखान्यात वरिष्ठांच्या हाताखाली शिकणारा डॉक्टर पाणी कुठले, चूल की गॅस, मिश्री लावता का, असे विचारू लागला तर वैतागू नका. उपचाराची जबाबदारी वरिष्ठांचीच असते. शिकाऊ डॉक्टरकडून तपासून घ्यायचे नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा, तो तुमचा हक्क आहे.

जाताना एका पिशवीत घरातली सगळी औषधे न्या: चूर्ण, काढा, दुकानातल्या गोळ्या, शेजारणीने दिलेल्यासुद्धा. जुने केसपेपरही असू द्या. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर विचारण्याची वाट न पाहता सांगा. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते.