वार्धक्यात शरीराचा पहारा

उत्तर अटलांटिक महासागरात, स्कॉटलंडच्या उत्तरेस, फेरो नावाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. १८४६ च्या मार्च महिन्यात कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तेथे गोवर आला. बेटांवर तेव्हा सुमारे ७,८०० माणसांची वस्ती होती. त्यांपैकी सुमारे ६,००० माणसे काही महिन्यांतच आजारी पडली. साथीची पाहणी करण्यासाठी डेन्मार्कच्या सरकारने पेटर पानुम या तरुण डॉक्टरास पाठविले. गावोगाव फिरून टिपणे करीत असता त्यास एक विलक्षण गोष्ट आढळली. बेटांवर यापूर्वी गोवराची साथ आली होती ती १७८१ साली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वी. त्या साथीत गोवर येऊन गेलेली पुष्कळ म्हातारी माणसे अद्याप हयात होती. त्यांपैकी एकासही या खेपेस गोवर झाला नाही. ज्या वृद्धांना पूर्वी तो झाला नव्हता, त्यांना मात्र वयाची कोणतीही भीड न धरता रोगाने गाठले.

म्हातारपणी रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते, असे सरसकट म्हटले जाते. पानुमच्या म्हाताऱ्यांकडे पाहिले म्हणजे हे विधान किती अर्धवट आहे ते ध्यानात येते. एकदा ओळखलेला शत्रू शरीर साठ-साठ वर्षे विसरत नाही. वयाबरोबर उणावते ती मुख्यतः नवा शत्रू ओळखण्याची शक्ती, आणि त्याचे कारण छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर असलेल्या एका ग्रंथीत सापडते.

या ग्रंथीचे इंग्रजी नाव थायमस. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे म्हणतात, आणि हे नाव मोठे अन्वर्थक आहे. बालपणी ती चांगली भरलेली असते. वयात आल्यानंतर ती आक्रसू लागते आणि तिच्या जागी हळूहळू चरबी साठते. तिचे कार्य काय, हे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणासच नीट ठाऊक नव्हते. कित्येकांना ती निरुपयोगी वाटे. १९६१ मध्ये लंडन येथे जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली. ती पिले पुढे रोगांनी खंगून मरू लागली. दुसऱ्या उंदराची कातडी त्यांच्या अंगावर लावली असता ती परकी म्हणून झिडकारली गेली नाही. अस्थिमज्जेत जन्मलेल्या पांढऱ्या पेशींपैकी काही या ग्रंथीत येऊन शिक्षण घेतात, हे त्यातून पुढे उलगडले. या पेशींना टी-पेशी म्हणतात. शिक्षण कसले, कडक परीक्षाच ती! ज्या पेशी स्वतःच्याच शरीरावर उलटतील अशा असतात, त्या तेथेच नष्ट केल्या जातात. उत्तीर्ण होणाऱ्या थोड्याच.

ही शाळा ओस पडू लागली की नव्या शिपायांची भरती मंदावते आणि जुन्या अनुभवी शिपायांवरच काम भागवावे लागते. शत्रू जुना असेल तर ते भागतेही. २००९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत साठीपुढील माणसांना लागण कमी झाली, कारण त्या विषाणूच्या जवळच्या नातलगाशी त्यांची तरुणपणीच गाठ पडलेली होती. २०२० मध्ये आलेला कोविडचा विषाणू मात्र सर्वस्वी अपरिचित होता, आणि त्याचे सर्वांत जड मोल वृद्धांनीच दिले. जुना पहाराही कधीकधी ढिला पडतो. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि पुढे नागीण होऊन बाहेर पडतो.

म्हाताऱ्या माणसाच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घेणे अगत्याचे आहे. ताप हे संरक्षक दळाच्या हालचालीचे चिन्ह असते. वृद्धापकाळी ही हालचालच मंद असल्याने न्यूमोनियासारख्या गंभीर आजारातही पुष्कळदा अंग तापत नाही. खाण्यावरची वासना उडणे, अकस्मात भ्रमिष्टासारखे बोलणे, तोल जाऊन पडणे, एवढीच काय ती लक्षणे दिसतात, आणि ‘वय झाले’ म्हणून ती सोडून दिली जातात.

एकीकडे अशी मंदगती, तर दुसरीकडे नेमके उलट. जखम झाली असता ती जागा लाल होते, सुजते, तापते व ठणकते. हा दाह होय. तो शरीराच्या हिताचा असतो, मात्र काम संपताच त्याने विझले पाहिजे. वार्धक्यात तो राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे धुमसत राहतो. इटलीतील क्लाउडिओ फ्रान्चेस्की व त्यांचे सहकारी यांनी २००० साली या अवस्थेस जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘वार्धक्यदाह’ असा करता येईल. विभाजन थांबलेल्या परंतु न मेलेल्या पेशी दाहकारक द्रव्ये पाझरत राहतात. पोटातील चरबी त्यांत भर घालते. रोहिण्या कठीण होणे, मधुमेह इत्यादी विकारांशी या निखाऱ्याचा संबंध आढळतो.

मग तो विझवून का टाकू नये? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांपैकी काहींना दाहाचा एक संदेशवाहक निकामी करणारे औषध टोचण्यात आले. झटक्यांचे व तत्सम आघातांचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु प्राणघातक जंतुसंसर्ग वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. जो विस्तव घर जाळतो, तोच रात्री श्वापदांना दूर ठेवीत होता.

२०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेने या विषयास वेगळेच वळण दिले आहे. इटली व सिंगापूर येथील वृद्धांत वयाबरोबर वाढणारा दाह आढळला. बोलिव्हियाच्या अरण्यातील चिमाने लोक आणि मलेशियातील ओरांग अस्ली यांच्यातही दाह पुष्कळ होता. पण तो वयाबरोबर चढत नव्हता, आणि जुनाट विकारांशी त्याची सांगडही दिसली नाही. त्यांच्यातील दाह मुख्यतः जंतुसंसर्गाचा होता. वार्धक्यदाह हा वयाचा अटळ धर्म आहे, की विशिष्ट राहणीचे फळ, हा प्रश्न त्यामुळे संशोधकांपुढे पुन्हा नव्याने उभा राहिला आहे.