जुना खेळ, नवा संगणक : वेगाचे गणित

मागील पावसाळ्यात वसतिगृहास भेट देण्याचा योग आला. सायंकाळची वंदना आटोपून मुले अभ्यासाला बसली होती. तेवढ्यात दहावीतील एका विद्यार्थ्याचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, जरा हा संगणक बघा. पतपेढीचे कर्ज काढून घेतला. दुकानदार म्हणाला, आठ कोअरचा आहे, काहीही चालेल. आमच्या लहानपणीचा कॅसेटचा गेम यावर पळतो. पण पोराने लावलेला प्लेस्टेशनचा गेम रडतखडत चालतो. फसवलं का आम्हाला?"

प्रश्न खेळाचा वाटला तरी तो खेळाचा नव्हता. कष्टाचा पैसा योग्य ठिकाणी गेला की नाही, ही त्यांच्या मनातली खरी सल होती. त्या रात्री त्यांना जे सांगितले, तेच या स्मरणिकेच्या निमित्ताने सविस्तर मांडीत आहे. संगणक विकत घेताना प्रत्येक पालकास ते उपयोगी पडावे, एवढाच हेतू.

आमच्या पिढीतील अनेकांना तो काळ आठवत असेल. गणपतीला गावी येणारा एखादा चाकरमानी मुंबईहून टीव्हीला जोडायचा गेम घेऊन येई आणि अंगणात वाडीतली सारी पोरे जमत. पिवळ्या कॅसेटमधला मारिओ उड्या मारी, 'काँट्रा'मधले शिपाई गोळ्या झाडीत आणि नेमक्या रंगात आलेल्या क्षणी वीज जाई. ही यंत्रे बहुतांशी निन्टेन्डो या जपानी कंपनीने 1983 साली बाजारात आणलेल्या फॅमिकॉम नावाच्या कन्सोलच्या नकला होत्या. मूळ यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे 17 लाख 90 हजार ठोके देई. त्याच्या कामासाठी असलेली स्मृती अवघी 2 किलोबाइट होती. आजचा साधा संगणकही सेकंदाला 300 कोटी ठोके सहज देतो.

मग हजारो पटींनी वेगवान असलेल्या संगणकाला जुना खेळ चालवताना धाप का लागावी? याचे उत्तर एम्युलेटर या शब्दात दडले आहे. कन्सोलचा खेळ त्या कन्सोलच्या प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला असतो आणि आपल्या संगणकाला ती भाषा कळत नाही. एम्युलेटर हा या दोघांमधला दुभाषी होय. तो खेळातील एक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो, आपल्या संगणकाच्या भाषेत ती पार पाडतो आणि मगच पुढच्या आज्ञेकडे वळतो. मूळ यंत्राने एका ठोक्यात उरकलेल्या कामासाठी दुभाष्याला दहा-वीस ठोके सहज खर्ची घालावे लागतात.

आता थोडे गणित करू. मूळ फॅमिकॉम सेकंदाला 60 चित्रे दाखवी, म्हणजे एका चित्राच्या अवधीत त्याच्या प्रोसेसरचे सुमारे 29,780 ठोके पडत. प्रत्येकामागे आपले 20 ठोके खर्च होतात असे धरले, तर सेकंदाला साडेतीन कोटींच्या आसपास ठोके लागतील. 300 कोटींच्या संगणकाला हे किरकोळ आहे. म्हणूनच 1997 साली आलेला नेस्टिकल हा एम्युलेटर त्या काळच्या सामान्य संगणकांवरही धावत असे. वडिलांचा खेळ पळाला तो याच कारणाने.

तथापि हे गणित एकट्या प्रोसेसरचे झाले. कन्सोलमध्ये चित्र काढणारी आणि ध्वनी निर्माण करणारी यंत्रणाही असते आणि ही सारी अंगे एकाच वेळी काम करीत असतात. आपल्या रत्नागिरीचे नमन आठवा. मृदंग वाजतो, झांज वाजते, सोंग नाचते. प्रत्येकाचे काम वेगळे, पण ताल एकच. आता अशी कल्पना करा की एकाच कलावंताने क्षणभर मृदंग वाजवायचा, लगेच धावत जाऊन झांज वाजवायची, मग सोंग नाचवायचे आणि तरी प्रेक्षकाला ताल चुकल्याचे कळता कामा नये. एम्युलेटरची अवस्था नेमकी अशी असते. तो एका भागाचे काम थोडे पुढे नेतो, थांबतो, दुसऱ्याचे काम तेथवर आणतो आणि पुन्हा पहिल्याकडे येतो. ही धावपळ जितकी वारंवार, तितके अनुकरण अचूक. आणि जितके अनुकरण अचूक, तितका प्रोसेसरवरचा भार अधिक.

याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सुपर निन्टेन्डो या कन्सोलसाठी 'बायू' या टोपणनावाने वावरणाऱ्या प्रोग्रामरने लिहिलेला बीस्नेस हा एम्युलेटर. मूळ कन्सोलच्या प्रोसेसरचा कमाल वेग सुमारे 3.58 मेगाहर्ट्झ होता. त्याचे सर्वांगी अचूक अनुकरण करण्यासाठी सुमारे 3 गिगाहर्ट्झचा, म्हणजे आठशेहून अधिक पटींनी वेगवान प्रोसेसर लागतो, असे त्याने 2011 साली मांडले. तेच खेळ थोड्या तडजोडी करणारे इतर एम्युलेटर कितीतरी दुबळ्या संगणकांवर चालवीत असत. पण काही खेळांत त्यांचा ताल चुके.

आता मुलाच्या खेळाकडे वळू. प्लेस्टेशन 2 हे कन्सोल 2000 साली आले. त्याचा मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे 29 कोटी 50 लाख ठोके देई. पूर्वीप्रमाणेच प्रत्येकामागे 20 ठोके धरले, तर 590 कोटी लागतील. आपल्याजवळ आहेत 300 कोटी! म्हणजे दुभाष्याच्या रीतीने हा खेळ चालणे शक्यच नाही. यावर प्रोग्रामरांनी युक्ती काढली. वाक्य ऐकून तेथल्या तेथे अर्थ सांगण्याऐवजी आज्ञांचा अख्खा परिच्छेद एकदाच भाषांतरित करून वहीत उतरवून ठेवायचा आणि तो पुन्हा आला की वही उघडायची. खेळात त्याच त्या आज्ञा लाखो वेळा येत असल्याने यात प्रचंड बचत होते. पीसीएसएक्स 2 हा प्लेस्टेशन 2 चा एम्युलेटर याच रीतीने काम करतो. तरीही या कन्सोलमधील इतर गणिती एकके आणि चित्रयंत्रणा यांचा मेळ घालावा लागतोच. म्हणून भार मोठा राहतो.

"पण सर, आठ कोअर आहेत ना?" हा त्या वडिलांचा प्रश्न रास्त होता. भातलावणीचे उदाहरण घ्या. चार खाचरे असतील आणि आठ माणसे असतील, तर काम झपाट्याने उरकते, कारण एका खाचराचे दुसऱ्यावाचून अडत नाही. पण एकाने तरवा काढल्यावर दुसऱ्याने मूठ बांधायची, ती हाती आल्यावर तिसऱ्याने लावायची आणि अशी एकच मूठ फिरत असेल, तर बाकीचे पाच जण बांधावर बसून राहतील. एम्युलेटरचे काम बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहे. पुढची आज्ञा मागच्या आज्ञेच्या उत्तरावर अवलंबून असते. त्यामुळे दोन-तीन कोअरपर्यंत कामाची वाटणी करता येते, त्यापुढचे कोअर बरेचसे रिकामे बसतात. येथे महत्त्व आहे ते एकेका कोअरच्या बळाला.

आणि ते बळही केवळ गिगाहर्ट्झच्या आकड्यावरून ओळखता येत नाही. 2004 साली 3.8 गिगाहर्ट्झचा पेन्टियम 4 बाजारात होता. 2006 मध्ये आलेल्या कोअर 2 ड्युओचे ठोके 3 गिगाहर्ट्झहूनही कमी होते. तरी तो बहुतेक कामांत पेन्टियमला मागे टाकी, कारण एका ठोक्यात तो अधिक काम उरकत असे. माणूस किती भरभर पावले टाकतो यापेक्षा एका पावलात किती अंतर कापतो, हेही पाहावे लागते. म्हणून जुन्या पिढीचा आठ कोअरचा प्रोसेसर नव्या पिढीच्या चार कोअरच्या प्रोसेसरपुढे या कामात फिका पडू शकतो.

त्या रात्री आम्ही एक साधी परीक्षा केली. एम्युलेटरमध्ये चित्राची सुस्पष्टता कमी करून पाहिली. चित्राचा भार ग्राफिक्सवर असतो. तो हलका केल्यावर खेळ सुधारला असता, तर दोष ग्राफिक्सचा ठरला असता. खेळ तसूभरही सुधारला नाही. ध्वनी तुटतच होता, पात्रे पाण्यात चालल्यासारखी चालत होती. अर्थात अडचण प्रोसेसरची होती. मग वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग आवळून धरणारी सेटिंग बदलली. पंख्याच्या जाळीत साचलेली धूळ काढली, कारण प्रोसेसर तापला की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो. खेळ पूर्ण वेगाने धावू लागला असे नाही; पण खेळण्याजोगा नक्कीच झाला.

"फसवलं का?" या प्रश्नाला माझे उत्तर असे होते : यंत्र खोटे नाही, 'काहीही चालेल' हे वाक्य खोटे आहे. अभ्यास, टंकलेखन, प्रोग्रामिंग यांसाठी हा संगणक पुढील अनेक वर्षे पुरेल. केवळ खेळासाठी आणखी कर्ज काढू नका. संगणक घेताना कोअर किती, हे विचारण्याआधी तो कोणत्या कामासाठी हवा ते ठरवा आणि तेच काम दुकानात आपल्यासमोर चालवून पाहा. जुना खेळ लावताना तो आपल्या मालकीच्या प्रतीचाच असावा, हेही मुलांना सांगायला हवे.

वडिलांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला दिसला. मुलगा मात्र विचारात पडला होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "सर, हा दुभाषी लिहितात कसा?" मला वाटते, त्या संगणकाचे मोल त्या एका प्रश्नात वसूल झाले.

शेवटी एक विनंती. एम्युलेटर केवळ खेळ जिवंत करीत नाही. डॉसच्या काळातील प्रोग्राम चालवणारा डॉसबॉक्स हा एम्युलेटर 2002 पासून मोफत उपलब्ध आहे आणि त्या कामाला आपल्या प्रयोगशाळेतील जुने संगणकही पुरेसे आहेत. त्या काळात संगणकावर लिहिलेले मराठी लेख, निकालपत्रके, स्मरणिकांचे मजकूर कित्येकांच्या घरी फ्लॉपीत पडून असतील. आजचे संगणक ते उघडत नाहीत, म्हणून ते फेकून देऊ नका. ज्या माजी विद्यार्थ्यांजवळ असे काही असेल, त्यांनी ते शाळेकडे सोपवावे. फ्लॉपीवर बुरशी चढण्याआधी ते वाचून घेता आले, तर यंत्रे मोडीत निघाली तरी त्यांत साठवलेली आपली अक्षरे पुढच्या पिढीच्या हाती जातील.