मेंदूचा आघात : पेशींच्या पातळीवरील दुय्यम इजा

डोक्याला मार लागताच मेंदूची हानी पूर्ण होते, असा सर्वसाधारण समज आहे. पेशीविषयक संशोधनाने तो खोडून काढला आहे. आदळण्याच्या क्षणी होणारी फाटाफूट व रक्तस्राव ही प्राथमिक इजा होय. त्यानंतर कित्येक तास, प्रसंगी कित्येक दिवस, वाचलेल्या पेशीही मरत राहतात. प्रस्तुत लेखात या दुय्यम इजेचा विचार केला आहे.

चेतापेशी परस्परांना संदेश देण्यासाठी ग्लुटामेट हे रसायन अल्प प्रमाणात वापरतात. आघातानंतर ते अतोनात बाहेर पडते. परिणामी शेजारच्या पेशींच्या आवरणातील द्वारे उघडी राहून सोडियम व कॅल्शियम आत शिरतात. एरवी पेशीतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे 10,000 पटींनी कमी असते आणि ही तफावत राखण्यासाठी सतत ऊर्जा खर्ची पडते. जादा कॅल्शियम तंतुकणिकांत साठून ऊर्जानिर्मिती मंदावते. म्हणजे ते बाहेर फेकण्याची गरज सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच शक्ती संपते. मग कॅल्पेनसारखी विकरे पेशीचा आतील सांगाडा तोडू लागतात. लांब अक्षतंतूही बहुधा तत्क्षणी तुटत नाहीत. ते ताणले जातात, त्यांतील वाहतूक अडते, जागोजागी फुगवटे येतात व काही तासांनी ते विलग होतात. त्यातच सूज येते. कवटी प्रसरण पावत नसल्याने दाब वाढून रक्तपुरवठा घटतो.

ही साखळी कोठेतरी तोडता यावी, या आशेने अनेक औषधे तपासली गेली. सूज कमी करणारी स्टिरॉइड्स तर तर्कदृष्ट्या योग्यच वाटत होती व दीर्घकाळ दिलीही जात होती. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीत 10,008 रुग्णांचा अभ्यास झाला. दोन आठवड्यांतील मृत्यूचे प्रमाण स्टिरॉइड घेतलेल्यांत 21.1 टक्के, तर न घेतलेल्यांत 17.9 टक्के आढळले. प्राण्यांवर आश्वासक ठरलेले प्रोजेस्टेरॉनही 2014 मधील दोन मोठ्या चाचण्यांत निष्प्रभ ठरले. यामागील एक कारण उघड आहे : प्रयोगशाळेतील उंदराला औषध ठरावीक वेळी देता येते, रस्त्यावर पडलेल्या माणसाला नाही.

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येते. ‘घाटी’ म्हणून परिचित असलेल्या शासकीय रुग्णालयात मराठवाड्यातून रुग्ण आणले जातात; जालना सुमारे 60, तर बीड सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. रुग्णवाहिकेतील हे तास म्हणजे पेशींतील वर वर्णिलेल्या घडामोडींचेच तास होत. रक्तदाब घसरणे व प्राणवायू कमी पडणे या दोन गोष्टी तेव्हा सर्वाधिक घातक ठरतात, कारण ऊर्जेसाठी झगडणाऱ्या पेशींचा उरलासुरला पुरवठाही त्यामुळे तुटतो. म्हणून श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे व रक्तदाब टिकवणे हे उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी, रुग्ण पुढे पाठविण्यापूर्वीच सुरू व्हावे लागतात आणि वाटेतही चालू राहावे लागतात.