मुंग्यांची वाट पाहू नका

लघवीला मुंग्या लागल्या की साखरेचा विकार झाला, असे आमच्या खेड्यात जुनी माणसे म्हणत. ही समजूत अगदीच खुळी नव्हे. लघवी मधासारखी गोड होते, म्हणून तर आपल्या वैद्यांनी या रोगाला मधुमेह हे नाव दिले. पण या मुंग्या फार उशिरा येतात. शंभर मिलिलिटर रक्तात साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज सहसा ती लघवीत उतरत नाही. रोगाने मात्र त्याआधीच घरात पाऊल टाकलेले असते.

मग ओळखायचे कसे? रक्त तपासून. किमान आठ तास उपाशी राहून दिलेल्या रक्तात साखर १२६ किंवा अधिक, अथवा ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा अधिक भरली, तर तो मधुमेह. तिसरी तपासणी एचबीए१सी नावाची. ती मागल्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते, तीत ६.५ टक्के ही हद्द. शिक्षक मंडळींना सांगायचे तर पहिली तपासणी म्हणजे एका दिवसाची हजेरी, आणि तिसरी म्हणजे हजेरीपट! काही त्रास होत नसेल, तर एकाच आकड्यावर शिक्का मारीत नाहीत. पुन्हा तपासून खात्री करतात.

मी काही डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण हा विषय मला घरातच शिकावा लागला. माझ्या मामांना गोळ्या सुरू झाल्या, चार महिन्यांत साखर ताळ्यावर आली. मामा म्हणाले, "आता बरा झालो की! गोळी कशाला?" आणि त्यांनी ती परस्पर बंद केली. दोन वर्षांनी शेतात पायात काटा मोडला, तो त्यांना कळलाच नाही. पायाची जाणीवच गेली होती. जखम चिघळली आणि दोन बोटे काढावी लागली. साखर उतरली होती ती गोळीमुळे, हे आम्हां कोणालाच उमगले नव्हते.

गोळी करते तरी काय? पाटाचे पाणी डोळ्यांपुढे आणा. रक्त हा पाट, साखर हे पाणी, शरीराच्या पेशी म्हणजे वाफे, आणि दारे धरणारा गडी म्हणजे इन्सुलिन. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात वाफ्यांची दारे नीट उघडत नाहीत. पाट तुंबतो, वाफे कोरडे! मेटफॉर्मिन ही गोळी यकृतातून पाटात येणारे पाणी कमी करते, दारेही थोडी सैल करते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी गड्याला जास्त राबवते. इतरही गोळ्या आहेत. कोणती कोणाला, ते डॉक्टरांनीच ठरवायचे. चालणे आणि बेताचे जेवण मात्र सगळ्यांनाच हवे. आणि साखरेऐवजी गूळ खाल्ला तर चालतो, ही समजूत सोडा. गुळानेही साखर चढतेच.

वर्षानुवर्षे राबून घरचा गडी थकतो. मग बाहेरून गडी आणावा लागतो, ते इन्सुलिनचे इंजेक्शन. ते १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी हाती आणले, आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाला प्रथम दिले गेले. पोटात घेतले तर ते अन्नासारखे पचून जाते, म्हणून सुई. "इन्सुलिन लागले म्हणजे शेवट आला," असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. आजारपणात वा शस्त्रक्रियेच्या वेळी ते तात्पुरतेही देतात. ज्यांना कायमचे लागते, त्यांना ते व्यसन म्हणून नव्हे, तर घरचा साठा संपला म्हणून लागते.

मात्र काळजी हवी. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटची कुपी मिळते, तशीच १०० युनिटचीही. चाळीसच्या कुपीला चाळीसचीच सिरिंज. अदलाबदल झाली, तर डोस अडीचपट चढेल, नाहीतर तितक्याच पटीने घटेल! इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे. फ्रिज नसेल, तर कुपी पिशवीत गुंडाळून, ओल्या फडक्याने झाकलेल्या माठाच्या गारव्यात सावलीत ठेवावी.

औषध घेऊन जेवण चुकले, तर घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. साखर ७० च्या खाली गेल्याची ही खूण. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, आणि पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नका. थेट दवाखाना गाठा.

मामा आता रोज रात्री कंदिलासारखी बॅटरी धरून तळपाय न्याहाळतात, आणि गोळी विसरत नाहीत. बोटे काही परत आली नाहीत. तुमची तिशी उलटली असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. बोटाला सुई टोचेल, एवढेच.